जिन्यापाशी सोडलं

मंगळवार, ४ मार्च

ताई,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचलास एवढं दिसतं, उत्तर येत नाही. म्हणून आता कागद. फाडायचा झाला तरी हातात घ्यावा लागेल तुला.

इतरांकडून कळण्याआधी मीच सांगते. हो, काल मी कोर्टात गेले आणि एकटी गेले. आपण सगळ्या दुभाष्यांनी मिळून ठरवलेलं मला माहीत होतं. दिवसभराचं काम असेल तर जोडीला दुसरा दुभाषी हवा, कागदपत्रं आधी वाचायला मिळायला हवीत, नाहीतर कोर्टात पाऊल टाकायचं नाही. तू पुढे उभी राहून बोलत होतीस तेव्हा मीही हात वर केला होता. तरी गेले. 'फितूर' हा शब्द तू आईपाशी वापरलास म्हणे. आईने तो मला जसाच्या तसा पोचवला. दुभाषीपणा घरात कुठून आला ते तरी कळलं.

पण ऐकून घे. एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला ठेवलेली बाई आहे. आपल्या भाषेची. इथल्या भाषेतलं तिला पाणी, औषध, जेवण असे मोजके शब्द येतात. आजोबा जिन्यावरून पडले, हॉस्पिटलात नेलं, तिथेच गेले. त्यांच्या लेकीची तक्रार अशी की बाईने जिन्यावर त्यांचा हात सोडला. तेव्हापासून बाई कोठडीत. दुभाषी नाही म्हणून तारीख पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. शेवटी कारकुनाचा फोन. तो मला 'भाषावाल्या बाई' म्हणतो, तुला माहीत आहे.

"भाषावाल्या बाई, तुम्ही नाही आलात तर ती बिचारी परत आत जाणार. बघा बुवा."

तू काय बघितलं असतंस? मी पर्स उचलली आणि निघाले.

उभ्यानेच काम केलं. खुर्ची मागितली तेव्हा शिपायाने एक डगमगणारं स्टूल आणून दिलं, त्यावर बसण्यापेक्षा उभं राहणं बरं. डॉक्टरांची साक्ष झाली तेव्हा हाडांची नावं पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याच दमात तिला सांगत होते. जेवणाच्या सुट्टीत वकिलांना तिच्याशी बोलायचं होतं, म्हणजे पुन्हा मीच. डबा तसाच घरी आणला. पण काम चांगलं झालं. काही गडबड झाली नाही. उगाच काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी


गुरुवार, ६ मार्च

ताई,

परवा लिहिलं की काम चांगलं झालं. ते खरं आहे की नाही ते मला कळत नाहीये. पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी हे झालं.

सकाळी मी निघायच्या घाईत होते. हे गाडीची किल्ली घेऊन दारात उभे. म्हणाले, "चल, तुला स्टॉपपाशी सोडतो."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"सोडतो म्हटलं. स्टॉपपाशी."

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी. यांना वाटलं मला चक्कर येतेय.

त्याचं असं झालं. सोमवारी दुपारनंतर सरकारी वकिलांनी तिला विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली, "मी त्यांना जिन्यापाशी सोडलं." आणि मी इथल्या भाषेत सांगितलं, "मी जिन्यापाशी त्यांचा हात सोडला."

आपल्याकडे सगळं एकाच शब्दात चालतं. मुलाला शाळेत सोडतो, पाहुण्यांना गाडीवर सोडतो, दोर सोडतो, हातही सोडतो. इथल्या भाषेत पोचवून सोडण्याला एक शब्द आणि हातातून सोडण्याला अगदी वेगळा. मला एक निवडायचा होता आणि मी निवडला. का निवडला? सकाळपासून सगळे हात, हात, हात करत होते, म्हणून? की तिने खरंच 'हात' म्हटलं होतं? मला वाटतं नव्हतं म्हटलं. पण आता मी डोळे मिटून ऐकते तेव्हा कधी हात ऐकू येतो, कधी नाही.

तू शिकवलं होतंस की शब्दाला दोन तोंडं असली की हात वर करायचा आणि म्हणायचं, "दुभाष्याला खुलासा हवा आहे." मी सकाळी दोन वेळा तसं केलंही. दुसऱ्या वेळी न्यायाधीशबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अशाने इथेच मुक्काम करावा लागेल." सगळे हसले. मीही हसले. दुपारी हात वर केला नाही. घाबरले म्हणून नाही केला, की तेव्हा शंकाच आली नाही, तेही आठवत नाही. दिवसभर तिच्या वतीने 'मी', वकिलांच्या वतीने 'मी', डॉक्टरांच्या वतीनेही 'मी'च. तेव्हा जी दमली होती ती कोणती 'मी', देव जाणे.

आणि गंमत बघ, तपासायचं तर कशावरून? कोर्टात नोंद होते ती इथल्या भाषेतली, म्हणजे माझी वाक्यं. तिचं स्वतःचं वाक्य कुठेच उतरलेलं नाही. ते फक्त माझ्या कानात शिल्लक आहे, आणि कानाचं हे असं.

सांगितलं तर तुम्ही सगळे म्हणणार, एकटीने गेल्यावर हेच होतं. माझी आधीची सगळी कामं लोक उकरून काढतील. नाही सांगितलं तर महिनाअखेरीस निकाल आहे, आणि त्यात माझं वाक्य असणार. तिच्या नावाने.

तू असतीस तर काय केलं असतंस? म्हणजे, तू गेलीच नसतीस, ते सोड. बघ, पुन्हा सोड.

धाकटी


शुक्रवार, १४ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या दिवसांनी बहीण लिहिते आणि काय लिहिते? "तिला विचारलंस का? नसशील तर विचार." खाली सहीसुद्धा नाही. मी ते कार्ड दोन दिवस फ्रिजवर ठेवून नुसती चिडत होते. आरोपीला दुभाष्याने परस्पर भेटायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं? तूच. मग विचारू कसं?

मग लक्षात आलं की तू मला तिच्याकडे जायला सांगतच नव्हतीस. कोर्टाने तिला विचारायला हवं आणि ते कोर्टाला कोणीतरी सांगायला हवं.

बुधवारी गेले. कारकुनाला म्हटलं, न्यायाधीशबाईंना भेटायचंय, दोन्ही वकिलांसमोर. त्याने कारण विचारलं. सांगितलं तसा त्याने पेन खाली ठेवला.

"भाषावाल्या बाई, कोणी काही बोललंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

तरी त्याने आत निरोप दिला. माणूस वाईट नाही.

आत न्यायाधीशबाई काळा झगा काढून बसल्या होत्या. झग्याशिवाय त्या आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारख्या दिसतात, आणि मला तेवढीच धडकी भरली. मी सगळं सांगितलं. सरकारी वकील मध्येच म्हणाले, "म्हणजे तुम्ही चुकीचं सांगितलंत?"

"बरोबर सांगितलं की चुकीचं, तेच मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"तिला. बाकी कोणालाच नाही."

न्यायाधीशबाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही एकट्याच होतात? दिवसभर?"

"हो."

"बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "बोलले होते. आपण घड्याळाकडे पाहिलंत."

ताई, हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून उमगत नाही. बचावाचे वकील बुटांकडे बघायला लागले. मला वाटलं आता मला बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "असेल पाहिलं." आणि मग, "तिला परत बोलवून विचारू. पण तुमच्या तोंडून नाही." मग त्यांनी विचारलं, नीट काम व्हायला काय काय लागतं. तुमच्या सगळ्या अटी मी घडाघडा म्हटल्या. दोघे दुभाषी, अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी, कागदपत्रं आधी, बसायला धड खुर्ची, शंका आली की थांबायची मोकळीक. पाठ होत्या मला. तुझ्याच शब्दांत म्हटल्या.

या एका केसपुरतं त्यांनी सगळं मान्य केलंय. पुढचं त्यांच्या हातात नाही म्हणाल्या. कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीत तुझं नाव सगळ्यांत वर आहे, तुला फोन येईलच. तू काय ठरवशील ते ठरव. मला काढून टाकलंय असं कोणी म्हटलं नाही आणि ठेवलंय असंही नाही. मी शिक्षा भोगतेय की सुटलेय ते कळत नाही. घरी येऊन कांदा चिरत बसले, आणि डोळ्यांत पाणी कशाचं तेही कळेना.

धाकटी


गुरुवार, २७ मार्च

ताई,

तू आलीस.

काल मी मागच्या बाकावर, भिंतीला टेकून होते. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून मला तिथून काय दिसलं ते लिहिते. शिवाय मला ते एकदा क्रमाने लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यात नुसता गुंता होतो.

तू आणि जोडीला दुभाषी म्हणून आलेले ते चष्मेवाले सर शेजारी शेजारी, चांगल्या खुर्च्यांवर. समोर पाण्याचे ग्लास. तुझ्या कागदांना कडेने रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

तिला पिंजऱ्यात आणलं. आधीपेक्षा वाळलीय. सरकारी वकिलांनी तोच प्रश्न केला आणि ती म्हणाली, "मी त्यांना जिन्यापाशी सोडलं." तेच वाक्य, ताई! हात नव्हता त्यात. म्हणजे त्या दिवशीही नसणार. पण म्हणून काय? आधीचं वाक्य आणि हे वाक्य एकच होतं याला साक्षी कोण?

तू हात वर केलास. "दुभाष्याला खुलासा हवा आहे. या शब्दाचे दोन अर्थ होतात." न्यायाधीशबाई घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "विचारा."

तू तिला विचारलंस, "हात सोडलात, की जिन्यापर्यंत पोचवून सोडलंत?"

आणि ती म्हणाली, "दोन्ही."

सगळं कोर्ट सरळ होऊन बसलं. ती सांगत गेली आणि तू तिच्यामागून सांगत गेलीस. "मी त्यांना धरून जिन्यापाशी नेलं. त्यांचा दुसरा हात कठड्यावर होता. मग ते काहीतरी म्हणाले. मला वाटलं 'सोड' म्हणतायत. रोज तसंच करायचे, हात झटकायचे, मी काय लहान आहे का, असं काहीतरी. म्हणून मी सोडला."

सरकारी वकील पुढे आले. "ते नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा."

"मला शब्द येत नाही. आवाज लक्षात आहे."

आणि तिने तो आवाज काढला. बारीक अंगाच्या त्या बाईच्या गळ्यातून म्हाताऱ्या माणसाचा घोगरा, दम लागलेला आवाज निघाला. शब्द इथल्या भाषेतला होता. ती सोडून तिथल्या प्रत्येकाला ती भाषा येत होती.

त्यांची लेक ताडकन उठली. "बाबा 'धर' म्हणाले! ऐकलंत ना? 'धर' म्हणाले!"

बचावाचे वकील म्हणाले, "मला स्पष्ट 'सोड' ऐकू आलं."

इथल्या भाषेत त्या दोन शब्दांत फरक तो किती? शेवटी ओठ मिटतात की उघडे राहतात, एवढाच. तिने पुन्हा आवाज काढला, तरी अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मग न्यायाधीशबाईंनी तुझ्याकडे पाहिलं. "दुभाषी, शब्द कोणता आहे?"

तू काहीही म्हटलं असतंस तरी तेच खरं झालं असतं.

तू म्हणालीस, "दुभाषी हा आवाज पुन्हा काढू शकते. त्याचा अर्थ सांगू शकत नाही. ही साक्षीदाराची भाषा नाही आणि हा तिचा शब्दही नाही."

नोंद करणारी मुलगी थांबून राहिली, काय लिहावं तिला कळेना. तेवढ्यात पिंजऱ्यातून ती तुला म्हणाली, आपल्या भाषेत, अगदी घरच्यासारखं, "बाई, काय म्हणाले होते हो ते? सगळ्यांना कळलं. मला सांगा ना."

आणि तू वळलीस आणि कोर्टाला सांगितलंस, "ते काय म्हणाले होते? सगळ्यांना कळलं. मला सांगा."

जसंच्या तसं. नियमाप्रमाणे. कोणीच उत्तर दिलं नाही. तू उत्तराची वाट बघत उभी राहिलीस, आणि उत्तर आलं नाही म्हणून तिला काही सांगितलंही नाहीस. तुझा आवाज हलला नव्हता. पण पाण्याचा ग्लास उचललास तो न पिताच खाली ठेवलास, ते मला मागून दिसलं.

मी बाहेर तुझ्यासाठी थांबले होते. चष्मेवाले सर म्हणाले, तू मागच्या दाराने गेलीस. माझ्यावर रागावून गेलीस, की तिच्यापासून पळून?

धाकटी


बुधवार, ९ एप्रिल

ताई,

ती सुटली. काल निकाल लागला. तू दुसऱ्या कोर्टात होतीस असं कळलं, म्हणून लगेच लिहितेय.

न्यायाधीशबाईंनी सांगितलं की आजोबा काय म्हणाले ते आता कोणालाच ठरवता येणार नाही. जी भाषा येत नाही तिच्यातला शब्द बाईने चुकीचा ऐकला असला तरी तो गुन्हा होत नाही. ज्यांनी वडिलांना सांभाळायला भाषा न येणारी बाई ठेवली त्यांनीही विचार करावा, असंही एक वाक्य होतं. लेक त्यावर रडली. मला तिचीही दया आली. कोणाच्या बाजूने वाईट वाटून घ्यावं, हेच समजेनासं झालंय.

माझ्या त्या वाक्याचं काय? 'आधीचे भाषांतर विचारात घेतलेले नाही.' एवढंच. संपलं.

मी पायऱ्यांकडे निघाले तर ती बाहेरच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. तिला न्यायला भाऊ येणार होता. तिने मला ओळखलं.

"तुम्ही पहिल्या दिवशीच्या ना?"

मी मान हलवली. आता मी तिची दुभाषी नव्हते, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. पण काय बोलायचं? मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचं एक वाक्य माझ्याकडून नीट पोचलं नसेल."

"असू दे हो. मला तरी कुठे नीट बोलता येतं." मग तिने माझा हात धरला. "एक सांगाल? आजोबा काय म्हणाले होते? त्या दुसऱ्या बाईंना विचारलं, त्या बोलल्याच नाहीत. इथे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही. मी घरी जाऊन झोपू कशी?"

ताई, मी मागच्या बाकावरून ऐकलं होतं ते 'धर' होतं.

मी म्हटलं, "'सोड' म्हणाले होते."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझा हात सोडला नाही. कितीतरी वेळ नुसतं "बरं" म्हणत राहिली. मग तिने तोंड पिशवीत घातलं, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्याने, की सुटल्यासारखं वाटून, मला सांगता येणार नाही. भाऊ आला. त्याने मला नमस्कार केला, आणि तो मी घेतला.

इतकी वर्षं हे काम केलं, जाणूनबुजून शब्द बदलला तो कालच. कोर्टात हेच केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं आणि योग्यच केलं असतं. पण आता आठवायला बसले की तिचा चेहरा समोर येतो आणि मला खरंच 'सोड' ऐकू यायला लागतं. मग वाटतं, मी खोटं बोललेच नाही. मग वाटतं, अशीच सुरुवात होत असेल. तू काय ऐकलंस ते विचारणार होते. नको. तू सांगणार नाहीस, आणि सांगितलंस तर मला सोसणार नाही. एवढंच कळव, की तिने तुला विचारलं तेव्हा तुला काय झालं. त्याला काही नियम नसेल ना?

आज सकाळी कारकुनाचा फोन आला होता.

"भाषावाल्या बाई, सोमवारी एक केस आहे. दिवसभराची."

"जोडीला दुसरं कोणी असेल तर येईन."

"त्या केसपुरतंच होतं ते."

"मग येत नाही."

त्याने फोनवर हात ठेवला. कोणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "दुसरं कोण हवंय?"

"माझी बहीण."

"त्या हो म्हणतील?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. मी त्यांच्या वतीने बोलत नाही."

तुझी,
धाकटी